सिनेमा उतरवण्याबाबत

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझी तब्येत बरी असेलच, कारण ती बरी नसती तर एव्हाना चार फोन करून तू सगळ्यांना कळवलं असतंस. भावोजींचा खोकला कमी झाला का? आणि मी दिलेला वाचायचा चष्मा ते फक्त वाचतानाच लावतात ना? (मागच्या खेपेला तो लावून ते जिना उतरले आणि दोष माझ्या नंबर काढण्याला दिला.) इकडे मी, ही आणि सासरेबुवा असे तिघंही खुशाल आहोत, फक्त एकमेकांशी जरा जपून बोलतो आहोत. हे फोनवर सांगण्याची सोय नाही. आमच्या घरात जिथे फोनला रेंज येते तिथे हिचे कानही पोचतात, म्हणून हा कागद.

भांडण भिंतीचं आहे. खिडकीसमोरची लांब भिंत तुला आठवत असेल. तिच्यावर माझ्या अकरा फळ्या आणि फळ्यांवर माझे सहाशे बारा सिनेमे, एकेक डिस्क आपापल्या डबीत, आणि प्रत्येक डबी दर आठवड्याला दुकानातल्या चष्मे पुसायच्या फडक्याने वरून पुसलेली. त्याच भिंतीखाली ही चौदा वर्षं जमिनीवर कापड पसरून बेततेय. आता गुडघ्यांनी संप पुकारलाय. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, एक तर उभ्याने कापा, नाहीतर शिवणकाम सोडा. उभ्याने कापायला सात फूट बाय चार फुटांचं टेबल हवं आणि ते घरात एकाच भिंतीला लागतं. कुठल्या, हे तुला सांगायला नको. हिने ती भिंत तीनदा मोजली, आकडे मला ऐकू जातील अशा बेताने.

ताई, मी काही दगड नाही. ती उठताना शिलाई मशीनचा पाय धरते आणि मी बघतोय का ते बघते, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. मी तेवढ्यावर भिंत सोडलीही असती. पण ही म्हणाली की हल्ली सगळे सिनेमे डाउनलोड होतात, तेही एचडी, मग ह्या ताटल्या कशाला सांभाळायच्या. ताटल्या हा शब्द मला लागला. मी जेवता जेवता भाषण केलं. डाउनलोड केलेलं आज आहे तर उद्या नाही, कॉम्प्युटरने मान टाकली की सगळं त्याच्याबरोबर जातं, डिस्क मात्र फळीवर ठेवली की ठेवली. आणि एचडीचं म्हणशील तर मी तीस वर्षं लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून धंदा करतोय, त्या अनुभवाने सांगतो, फार स्वच्छ दिसणं कुणालाच मानवत नाही. (सासरेबुवांना नवा नंबर दिला, त्या दिवशी त्यांनी आमच्या भिंती पहिल्यांदा नीट पाहिल्या आणि घराला रंग कधी देणार, असं विचारलं.) दुकानात एकदा एचडीवर एक सिनेमा पाहिला, तर नायकाची मिशी डाव्या टोकाला सुटत आलेली. पुढचे दोन तास तो काय बोलला ते मला ठाऊक नाही, मी मिशीच्या काळजीत होतो.

सासरेबुवांनी पस्तीस वर्षं कोर्टाच्या दप्तरखान्यात काढली आहेत, तेव्हा वाद त्यांच्यापुढे जाणं ओघानेच आलं. त्यांनी ठरवून दिलं की रविवारी चार वाजता दोन्ही पक्षांनी एकच सिनेमा हजर करावा, हिने डाउनलोड करून आणि मी डिस्कवर. ज्याचा नीट चालेल, भिंत त्याची. सिनेमा कुठला ते मी ठरवलं: घोडागाडीवाल्याचा. दुकानातल्या कॉम्प्युटरवर आधी शोधून पाहिलं होतं, तो कुठेच मिळत नाही. ही लगेच म्हणाली, हा नको, दुसरा कुठलाही घ्या. मला वाटलं, घाबरली.

तुला तो सिनेमा माहीत आहे. लग्नानंतर आम्ही पहिला पाहिला तो हाच, आणि तोही अर्धाच. घोडागाडीवाला नायिकेचं पत्र हातात धरून नदीकाठी उभा राहिला आणि थिएटरचं मशीन जळलं. सगळ्यांना घरी पाठवून दिलं. पुढे काय झालं ते आम्हाला तेवीस वर्षं ठाऊक नाही. लग्नाच्या वाढदिवसाला मी हिला त्याचा नवा शेवट रचून सांगतो, तोच आमचा समारंभ. नऊ वर्षांपूर्वी त्याची डिस्क मिळाली, पण दर वर्षी लावू म्हटलं की ही म्हणते, यंदा नको, तुम्हीच सांगा. असो.

शनिवारी एक घोटाळा झाला. ही माप घ्यायला एकीकडे गेली होती. तिथून तिने वडिलांना फोन केला की बाबा, सिनेमा उतरवून ठेवा, उद्या घाई नको. (आमच्या कॉम्प्युटरवर आता मराठी आलंय, त्यात डाउनलोडच्या बटणावर ‘उतरवा’ असं लिहिलेलं असतं. हिने तो शब्द उचलला. सासरेबुवा कॉम्प्युटरच्या वाटेला जात नाहीत, हे ती घाईत विसरली.) त्यांनी सिनेमे उतरवले. सगळेच्या सगळे, फळ्यांवरून, जमिनीवर. नुसते उतरवून थांबले असते तर ते दप्तरखान्यातले कसले? डब्यांच्या जाडीप्रमाणे वर्गवारी करून त्यांनी पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधले, हिच्या परकरांच्या नाड्यांनी, आणि प्रत्येकाला चिठ्ठी लावली.

मी दुकानातून घरी आलो आणि उघड्या फळ्या बघत उभा राहिलो, तेवढ्यात मागून ही आली. तिला वाटलं, तिच्या गुडघ्यांसाठी मीच सगळं उतरवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तुझ्यापासून काय लपवू, मी ते श्रेय दोन मिनिटं घेतलं. बरं वाटलं. मग आतून सासरेबुवा म्हणाले, तूच फोन केलास ना, तसे सगळे उतरवलेत. हिने डोळे पुसले आणि टेप उचलली.

रविवारी कोर्ट भरलं. हिने आधी आपला सिनेमा लावला. नाव तेच, पण निघाली घोड्याला नाल कसे ठोकतात याची माहिती. एचडी एवढं की खिळे मोजता येत होते. सासरेबुवांनी ती शेवटपर्यंत पाहिली आणि उत्तम आहे म्हणाले, पण विषयाला सोडून आहे. मग माझी पाळी. गठ्ठे सोडता सोडता पाऊण तास गेला. अखेर डबी सापडली, मी ती ऐटीत उघडली. आत डिस्क नव्हती. चिठ्ठी होती, तुझ्या अक्षरातली: “धाकट्या, घेऊन जातेय, पंधरा दिवसांत परत.” सासरेबुवांनी ती मोठ्याने वाचली आणि तारीख नाही म्हणून नाराजी व्यक्त केली.

निकाल असा की येत्या रविवारनंतरच्या रविवारी मी डिस्क हजर करावी. नाही केली तर ह्या वेळी नुसते सिनेमे नव्हेत, फळ्याच उतरवायच्या. भावोजींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. ती डिस्क शोध. शोकेसचा खालचा कप्पा, भावोजींच्या औषधांचा डबा, कुठेही असेल. नऊ वर्षांबद्दल मी अवाक्षर काढणार नाही, फक्त त्या रविवारच्या आत कुरिअर कर. आणि फोन करू नकोस.

ता. क. २. एकदा शेवट पाहून झाला की टेबलाचंही बघू. मी तसा कधीच तयार होतो, पण हे हिला कळता कामा नये.

ताई, नमस्कार. मी लिहितेय. पाकीट ह्यांनी स्वतः चिकटवलं, पण तिकीट लावायला माझ्याकडेच दिलं. तुम्ही घर उपसू नका. ती डिस्क तुम्ही आठ वर्षांपूर्वीच माझ्या हातात परत दिली होती, हे दुकानात होते. त्याच दुपारी मी काजं करता करता ती एकटीने पाहिली. शेवट अगदी पाणचट आहे हो. तो पत्र वाचतो आणि घरी जातो. ह्यांनी सांगितलेले शेवट कितीतरी बरे. एकदा तर घोडाच पत्र खातो आणि काय लिहिलं होतं ते विचारायला त्याला नदी ओलांडून तिच्याकडे जावं लागतं. म्हणून मी डिस्क शिवणाच्या डब्यात टाकली. फ्रॉकची गोल कॉलर आखायला ती नेमकी मापाची आहे. आखणीचं दातेरी चाक तिच्यावरून फिरवून फिरवून आता ती कुठल्याच मशीनवर चालायची नाही. तुम्ही ‘सापडत नाही’ एवढंच कळवा. टेबल सुताराला सांगून झालंय, खाली दोन कप्पे करायला सांगितलेत. त्यांत सहाशे अकरा डब्या मावतात, मी मोजून घेतलंय. पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाला चोवीस वर्षं होतील. यंदाचा शेवट मला अजून ऐकायचाय.