झावळ्यांचा शुक्रवार

शारजा,
२५ मार्च १९९४

प्रिय फ्रेडी,

तू फादर झालास तरी मला धाकटाच. आमच्याकडे झावळ्यांचा रविवार आज शुक्रवारीच झाला. इथली सुट्टीच शुक्रवारची, येशूलाही चालवून घ्यावं लागतं. लिओ झावळीने तलवार खेळत होता. रागावले तर म्हणतो, 'मम्मा, रिलॅक्स.' वसईहून आईचा फोन होता. ईस्टरला तू येणार म्हणून सांदणांचे तांदूळ निवडून ठेवलेत.

आमच्या हॉटेलच्या लाँड्रीत तुमच्या रवांडाची एक बाई लागली आहे, कॉन्सोलाता. नाव ऐकून वाटलं, आपल्याच गावातली कुणी मावशी. सवयीने आडनाव विचारलं. ती हसली. त्यांच्यात म्हणे बापलेकीचं आडनाव एक नसतं, त्यावरून काही कळत नाही. म्हणून बेल्जियन साहेबांनी ओळखपत्रावरच जमात लिहायला लावली, कोण हुतू, कोण तुत्सी. साहेब गेले, कार्डं राहिली. तिच्या कार्डावर तुत्सी आहे. मी म्हटलं, आम्ही चारशे वर्षांचे ख्रिस्ती, तरी सोयरीक जुळवताना सामवेदी की वाडवळ ते बघतातच. त्यावर म्हणाली, तुमच्याकडे लग्न मोडतं, एवढंच ना?

हल्ली इस्त्री करता करता ती मध्येच थांबते. तिकडचा रेडिओ तुत्सींना झुरळं म्हणतो. ज्या शेजाऱ्याच्या पोराला तिने बाप्तिस्म्याला धरलं, तो परवा तिच्या आईला विचारून गेला, रात्री घरात कोण कोण असतं. तू मात्र लिहितोस, सगळं शांत आहे. आईला तसंच लिहीत जा. मला नको.

आजवर प्रत्येक पत्रात मी तुला परत ये म्हटलं. आज उलट लिहिते आहे. ईस्टरला येऊ नकोस. आईला काय सांगायचं ते मी बघते. कॉन्सोलाताची आई आणि सहा वर्षांची मुलगी तुझ्या चर्चच्या पलीकडच्याच टेकडीवर राहतात. एकोणसाठ साली तुत्सींची घरं जळत होती, तेव्हा तिची आई चर्चमध्ये जाऊन राहिली होती. तो उंबरा कुणी ओलांडला नाही. काही झालं तर पुन्हा तिथेच जा, माझा भाऊ आहे, असा निरोप मीच कॉन्सोलाताला द्यायला लावला. आमच्या हॉटेलातले हनीफभाई उद्या नैरोबीला निघालेत, तिथल्या मिशनमधून हे पत्र तुला पोचेल. त्या दोघी येतील. कार्ड विचारू नकोस, दार उघड. मुलीचं नाव ग्रास, त्यांच्या फ्रेंचमध्ये कृपा. अनोळखी माणसाजवळ ती जात नाही, पण माझं नाव तिला सांगून ठेवलंय, सुझी म्हटलंस की येईल. एकदा आत आल्या की मग काळजी नाही.

तुझीच ताई,
सुझी