पाझर टेकडीची वाट

७ सप्टेंबर, रवि.
रिटायर होऊन महिना. तीस वर्षं बिदरजवळच्या कोळारच्या गोडावूनात पेट्या मोजल्या, आता सकाळी आठ वाजले की काय करावं कळत नाही. आज गावामागच्या पाझर टेकडीवर निघालो. जन्म इथं कमठाण्यात गेला, वर कधी चढलो नव्हतो. उंची काहीच नाही, पण अंगभर पाणी झिरपतं. पाऊस उघडून चार दिवस झाले तरी पचपच. पायथ्याला शरणप्पांचा ऊस. त्यांना वाट विचारली.
"कामून चाललास वर?"
"असंच."
"असंच कोण जातंय?" म्हणाले, मग डावीकडं हात केला. डावीकडं गुडघाभर रुतलो. एक चप्पल चिखलातच राहिली. अनवाणी परत.

१० सप्टें., बुध.
बूट घालून, उजवीकडून. दोनदा बसलो, पण पोचलो. वर काही नाही. गवत, एक बाभळ. बिदरची सरावाची विमानं घिरट्या घालत होती. बरं वाटलं. का ते...
उतरताना शरणप्पा बांधावर उभे. "काय सापडलं?"
"काहीच न्हाई, अप्पा."
पटलं नाही त्यांना.
घरी बायको, शांता: "गावात बोलायलेत, तुमी गुप्तधन शोधायलाव म्हणून."

१४ सप्टें., रवि.
शांताला नेलं. "येडे झालाव का," म्हणत आली आणि माझ्याआधी वर! लुगडं पोटरीपर्यंत चिखलानं भरलेलं. किती दिवसांनी हसली.
खाली शरणप्पांच्या बायकोनं, गौरक्कांनी, चहा दिला. बाई सोबत बघून म्हातारा मोकळा झाला. म्हणाला, "त्या दिवशी मुद्दाम डावीकडं धाडलो तुला. वाटलं मुरमाच्या ठेकेदाराचा माणूस हाय. ह्या पाझरावर ऊस हाय बाबा, बोअर न्हाई. टेकडी खोदली की संपलं सगळं."
मी म्हणालो, मी कुणाचाच माणूस नाही आता. दोघं हसलो.

१८ सप्टें., गुरु.
काल टेकडीवर ठेकेदाराचे जीपवाले आले. मोजलं, दगडांवर लाल खुणा केल्या. शरणप्पांनी हटकलं तर म्हणाले, वाट तुमच्याच गावच्या माणसानं दावली.
तो मी.
मंगळवारी चहाच्या हॉटेलात एका परक्या माणसानं सहज टेकडीची वाट विचारली होती. मी उत्साहानं सांगितलं, उजवीकडून जावा, डावीकडं रुताल. पाकिटावर नकाशा काढून दिला. कुणीतरी विचारलं, याचंच कौतुक.

१९ सप्टें., शुक्र.
गेलो. "अप्पा, मला म्हाईत नव्हतं." ते उसाला पाणी वळवत होते. मान वर केली नाही. गौरक्का म्हणाल्या, नंतर या.
शांता: "माफी मागून टेकडी वाचतीय व्हय? अर्ज करा की."

२१ सप्टें., रवि.
अर्ज कन्नडात पाहिजे. मला बोलता येतं, लिहिता येत नाही. गौरक्का सातवी शिकलेल्या. त्यांच्या ओसरीवर बसून मी मराठीत सांगितलं, त्यांनी कन्नडात लिहिलं. शरणप्पा आमच्याकडं पाठ करून बसलेले. मधेच बायकोला म्हणाले, "उन्हाळ्यात बी आटत न्हाई, ते लिव्ह."


२३ सप्टें., मंगळ.
तहसीलला अर्ज दिला. पोच मिळाली. साहेब म्हणाले, बघू. पाण्याचे फोटो आणा.

२५ सप्टें., गुरु.
फोटोसाठी गेलो तर शरणप्पा काठी घेऊन तयार. ते पुढं, मी मागं. जिथं जिथं पाणी फुटतं तिथं थांबायचे, काठी टेकवायचे. मी फोटो काढायचो. कपारीत, गवताच्या मुळाशी, मी तीनदा ओलांडूनही न दिसलेल्या जागा. माथ्यावर माझ्यापासून लांब बसले.
खाली रस्त्याला जीप येऊन थांबली. चौघं उतरले, मागं खोदायच्या मशिनची गाडी.
शरणप्पा उठले. जीपवाले आल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.
"चल," म्हणाले.
दोघं जीपच्या दिशेनं उतरायला लागलो.