हिरवळ अँड कंपनी

२ मार्च, सोमवार

आजपासून नोकरी बंद, धंदा सुरू. गोदामात दुसऱ्यांची खोकी मोजत म्हातारा होणार नाही, हे साहेबांना तोंडावर सांगितलं. (फोनवर. पण तोंडानेच.) साहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत तुमची खुर्ची ठेवतो. माणसाचा माणसावर विश्वास नाही.

धंदा: लोकांच्या लॉनचं गवत कापणे. कल्पना चहा पिताना सुचली. लोकांना वेळ नाही, गवताला वेळच वेळ आहे. कंपनीचं नाव हिरवळ अँड कंपनी. 'कंपनी' सध्या मीच.

बायकोने अट घातली आहे. तिच्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. २९ तारखेला, रविवारी, ते हॉस्पिटलातून आपल्या घरी येणार. मागच्याच गल्लीत राहतात. दारापुढचं लॉन ते दर रविवारी स्वतः कापायचे, त्यावर त्यांचा फार जीव. ते यायच्या आत मी ते कापून दाखवायचं. कापलं तर धंदा खरा, नाही तर ३० तारखेला मुकाट्याने गोदामात. मी ताबडतोब हो म्हटलं. एक लॉन! डाव्या हाताचा मळ.

उद्या सकाळी सहाला सुरुवात.

३ मार्च, मंगळवार

नऊला उठलो. योग्यच झालं. सकाळी गवतावर दव असतं आणि ओलं गवत कापू नये असं मी कुठेतरी वाचलं आहे. शिवाय परवाना नसताना गवताला हात लावणं बेकायदेशीर ठरू शकतं. मी कायदा पाळणारा माणूस आहे.

दुपारी झोपलो. उद्या परवाना.

४ मार्च, बुधवार

परवान्याच्या ऑफिसात. खिडकीत एक शांत क्लार्क. त्याने विचारलं, नुसतं गवत कापणार की तणनाशकही फवारणार? मी म्हटलं, सगळं. तो म्हणाला, नुसतं कापायचं तर साधी नोंदणी पुरे, आज करा नि उद्या कामाला लागा. फवारणीला मात्र वेगळा परवाना, अभ्यास, परीक्षा.

मी विचारलं, शाखा काढल्या तर प्रत्येक शाखेला वेगळी नोंदणी लागेल का. तो म्हणाला, शाखा किती आहेत? म्हटलं, विचाराधीन. मशीन? विचाराधीन. गिऱ्हाईक? म्हटलं, सासरे. त्याने चष्मा काढून बराच वेळ पुसला. छाप पडली असावी.

नोंदणी झाली. माझं ओळखपत्र घरी राहिलं होतं. बायको बरोबर आली होती, तिचं पर्समध्ये होतं. त्यामुळे तूर्तास नोंदणी तिच्या नावावर. नुसता सोपस्कार.

७ मार्च, शनिवार

यंत्रसामग्री. बायको म्हणाली, बाबांच्या शेडमध्ये हाताने ढकलायचं मशीन आहे, तेच घे. हसू आलं. उद्योजक ढकलत नसतो. त्यावर ती म्हणाली, आधी कळस मग पाया. तिला व्यवसायातलं कळत नाही, पण म्हणी बऱ्या येतात.

मशीनच्या दुकानात गेलो. पाहताक्षणी ठरवलं: वर बसून चालवायचं. सीट, स्टिअरिंग, चहाचा कप ठेवायला खाच. दुकानदाराने विचारलं, लॉन केवढी असतात तुमच्याकडे? मी म्हटलं, भविष्याचा विचार करा. त्याने विचारलं, फाटकं किती रुंद? मी म्हटलं, गिऱ्हाइकाचं फाटक हा गिऱ्हाइकाचा प्रश्न. चालवून बघा, पटलं नाही तर परत आणा, एवढंच तो म्हणाला. परत कशाला आणतोय!

११ मार्च, बुधवार

फवारणीच्या परीक्षेचा अभ्यास. क्लार्क म्हणाला होता नुसत्या कापणीला परीक्षा नको, पण अर्धवट काम माझ्या स्वभावात नाही. पूर्ण तयारी होईपर्यंत सासऱ्यांच्या गवताला हात लावणार नाही.

मी पलंगावर पडून ऐकतो, बायको पुस्तकातून प्रश्न वाचते. 'बाटलीवरची सूचना' या प्रकरणात मला डोळा लागला. उठलो तेव्हा ती तिसऱ्या प्रकरणात होती आणि पेन्सिलीने खुणा करत होती. गोडी लागली आहे तिला. बरंच आहे, पुढे ऑफिस सांभाळायला कोणीतरी लागेलच.

१६ मार्च, सोमवार

परीक्षा. क्लार्क म्हणाला, नोंदणी बाईंच्या नावावर आहे, तेव्हा परवाना हवा तर त्यांनाही बसावं लागेल. बसली बिचारी. माझ्यासाठी किती करते!

एक प्रश्न: वारा शेजाऱ्याच्या भाजीच्या वाफ्याकडे वाहतो आहे, तुम्ही काय कराल? मी लिहिलं, शेजाऱ्याला कल्पना देईन. बायकोने लिहिलं, फवारणार नाही. बाहेर आल्यावर मी तिला समजावलं की अशाने धंदा होत नाही.

१९ मार्च, गुरुवार

निकाल. बायको पास. मी थोडक्यात राहिलो. पेपर काढणाऱ्याला प्रत्यक्ष कामाचा अनुभव नसावा. बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. पुन्हा म्हण.

एकूण परिस्थिती उत्तम आहे. कंपनीकडे नोंदणी आहे, फवारणीचा परवाना आहे. दोन्ही घरातच आहेत.

२१ मार्च, शनिवार

मशीन आलं! लाल. बसलो. सासऱ्यांच्या गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन परत आणलं. सासऱ्यांच्या समोर राहणाऱ्या बाई फाटकात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, गवत कधी कापणार? मी म्हटलं, सध्या चाचणी सुरू आहे. त्या म्हणाल्या, गवत गुडघ्यापर्यंत आलंय. मी म्हटलं, मुद्दाम वाढू दिलंय, म्हणजे कापल्यावर फरक दिसतो. त्या आत गेल्या.

२४ मार्च, मंगळवार

सुरक्षा साहित्य घेतलं. बूट, गॉगल, आवाज अडवायला कानांवर लावायचे मफ. संध्याकाळभर मफ लावून घरात वावरलो, सवय व्हावी म्हणून. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बराच वेळ काहीतरी बोलत होती. अतिशय उपयुक्त वस्तू.

२५ मार्च, बुधवार

साहेबांना फोन करून सांगितलं, माझी खुर्ची खुशाल दुसऱ्याला द्या. परतीचे दोर कापले की माणूस लढतो. साहेब म्हणाले, नक्की ना? म्हटलं, नक्की. बायकोला अजून सांगितलेलं नाही. रविवारी लॉन बघून ती खूश असेल, तेव्हा सांगेन.

२८ मार्च, शनिवार

बायकोने विचारलं, आज तरी कापणार का? मी शांतपणे समजावलं. आज कापलं तर उद्यापर्यंत शिळं होईल. बाबा उद्या अकराला येणार. मी नऊला सुरू करीन, दहाला संपवीन, ते येतील तेव्हा ताज्या गवताचा वास. ती म्हणाली, हॉस्पिटलात रोज तेच विचारतात, लॉन कसं आहे. त्यांना काय सांगू? मी म्हटलं, सांग, योग्य हातात आहे.

२९ मार्च, रविवार, दुपार

फाटक.

फाटकाची रुंदी मोजली नव्हती. मशीन अर्धं आत, अर्धं बाहेर. आणखी जोर लावला. फाटकाचा खांब वाकला आणि मशीन पक्कं बसलं. ना पुढे, ना मागे.

अकराच्या आधीच गाडी आली. बायको उतरली, मग ड्रायव्हरने बाबांना उतरवलं. वॉकर धरून ते रस्त्यात उभे. घरात जायची वाट एकच, आणि तिच्यात मी. बायकोने माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. किंवा बोलली असेल, मी मफ लावले होते.

बाबांचे पाय थरथरत होते. समोरच्या बाईंनी धावत खुर्ची आणली. स्वतःच्या घराबाहेर, रस्त्याच्या कडेला, परक्या खुर्चीवर बसले ते. कुंपणावरून गुडघाभर गवत बघत राहिले. मी मफ काढले. वाटलं, आता झाडणार. पण ते हळू आवाजात एवढंच म्हणाले, जावईबापू, गवताचं राहू दे, मला तेवढं आत घ्या. फार दुखतंय.

ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. मला फार वाईट वाटलं. लाज वाटली.

ड्रायव्हरने आणि मी त्यांना खुर्चीसकट उचलून कुंपणावरून आत घेतलं. झुडपं जिथे विरळ आहेत तिथून. त्यांनी माझी मान घट्ट धरली होती. मला वाटायचं सासरे म्हणजे भारदस्त माणूस. हातात काहीच वजन लागलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ

दुकानदार दोन माणसं घेऊन आला. फाटक काढून मशीन सोडवलं. मला म्हणाला, मी विचारलं होतं. मी म्हटलं, हो.

बायकोने शेडमधून ढकलायचं मशीन काढलं, पात्याला तेल दिलं, पदर खोचला आणि सुरू झाली. अंधार पडायच्या आत सगळं लॉन झालं. सरळ पट्टे, एक इकडून, एक तिकडून. बाबा खिडकीत बसून काठीने खुणा करत होते, डावीकडे घे, डावीकडे. शेवटी शेवटी हसतही होते. मी कामाच्या दर्जावर देखरेख केली. दर्जा चांगला होता.

३० मार्च, सोमवार

बायकोला म्हटलं, अटीप्रमाणे रविवारी लॉन कापून झालं आणि कापलं आपल्याच कंपनीने. म्हणजे तत्त्वतः मी जिंकलो. तिने डबा हातात दिला आणि गोदामाचा रस्ता दाखवला. आता दोरांविषयी सांगण्यासारखी वेळ नव्हती. गेलो.

माझ्या खुर्चीवर एक तरुण मुलगी. खोकी भराभर मोजते. साहेब म्हणाले, तुम्हीच तर द्या म्हणालात. चहा मात्र पाजला. डबा बागेत बसून खाल्ला. तिथलं गवतही कोणीतरी छान कापलेलं होतं.

रात्री बायकोला सगळं सांगितलं. तिने दिवा मालवला. मग म्हणाली, झोप आता.

१ एप्रिल, बुधवार

समोरच्या बाईंनी बायकोला विचारलं, आमचंही कापशील का? कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनीही विचारलं. त्यांच्याकडे तणही माजलंय, फवारायला परवाना असलेलंच माणूस हवं होतं. ढकलायचं मशीन सगळ्या फाटकांतून जातं. लाल मशीन दुकानात परत गेलं. चहाच्या खाचेत माझा कप राहिला.

मी कंपनीचा संचालक व्हायला तयार आहे, असं जेवताना सुचवलं. ती म्हणाली, संचालक नकोय. मशीन कडेपर्यंत पोचत नाही, तिथलं गवत गुडघ्यांवर बसून कात्रीने कापायला माणूस हवाय. मी म्हटलं, विचार करून सांगतो. ती म्हणाली, मी तुला विचारलेलं नाही, नुसतं सांगतेय.

३ एप्रिल, शुक्रवार

सकाळी परवान्याच्या ऑफिसात. तोच क्लार्क. मी सरळ विचारलं, कोणाच्या लॉनच्या धंद्यात मदतनीस म्हणून कडा कापायच्या असतील तर परवाना कुठला लागतो? परीक्षा असते का? असली तर या खेपेला नीट अभ्यास करीन, असंही सांगितलं.

क्लार्कने नियमांचं पुस्तक चाळलं. आत जाऊन वरिष्ठांना विचारून आला. म्हणाला, काही लागत नाही. परवाना नाही, नोंदणी नाही, परीक्षा नाही. मालकिणीने ठेवून घेतलं म्हणजे झालं.

संध्याकाळी मालकिणीला विचारलं. ती अंगणात बसून मशीनच्या पात्यांतलं गवत काढत होती. हातातलं काम न थांबवता म्हणाली, आठवडाभर बघते.