दादा, इथं काहून आलास?

धारूर, मार्गशीर्ष वद्य पंचमी, गुरुवार

आज गोदाचा तेरावा झाला. पाहुणे दुपारीच गेले. शेवटी तिची धाकटी बहीण निघाली. गाडीत बसताना म्हणाली, "दाजी, आक्का हैदराबादच्या बागंतल्या दादाची लई गोष्ट सांगायची."

गोदाच्या माहेरी डोंगरात वाघाचं नाव घेत नाहीत, दादा म्हणतात. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आम्ही त्या बागेत जनावरं पाहायला गेलो होतो. गोदाने पिंजऱ्याच्या गजावर हात ठेवला आणि माहेरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "दादा, इथं काहून आलास रे? घरी कोन हाय?" मागचे लोक हसले. एक जण ओरडला, "जवाब दे बे, बहन आई तेरी!" मी तिचा हात गजावरून ओढून काढला. "मुकाट चल," म्हणालो. एवढंच म्हणालो ना?

आज मेहुणीला विचारलं, "माझ्याबद्दल काय म्हणायची?"

"तुमचं काई न्हाई. म्हनायची, दादानं मान वर करून बघितलं, तेवढ्यात निघावं लागलं."

तेवढ्यात. त्याने पाहिलेलं मला दिसलंच नाही. मी लोकांकडे पाहत होतो.

दिवेलागणीला मोठ्याने म्हटलं, "वाघ." या वेळी ते नाव तोंडातून गेलं की ती चुलीपासून ओरडायची. चुलीकडे पाहिलं. मग उठून कंदिलाची काच पुसली.