हौदात जन्मलेल्या बाळाची नोंद होणेबाबत

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी साहेब,
तालुका आरोग्य कचेरी.

विषय : माझ्या नातवाची ‘मृत जन्म’ ही नोंद दुरुस्त करून प्रसूतिगृहातील हौद दि. १९ पूर्वी बंद करणेबाबत.
संदर्भ : माझा दि. २१ ऑगस्टचा अर्ज, ‘कन्नडमध्ये द्यावा’ या शेऱ्यासह परत.

महोदय,

सविनय कळवते की, माझी मुलगी कल्याणी हिचे पहिले बाळंतपण गेल्या वर्षी १२ जुलैस येथील एका खाजगी प्रसूतिगृहात झाले. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून जागा मीच निवडली. पाण्यात कळा हलक्या होतात, असे परदेशी शिकून आलेले डॉक्टर म्हणाले. जागा पूर्वी तंबाखूची वखार होती. तिथल्याच हौदाला फरशी बसवली आहे. पाणी चुलीवर तापवतात आणि ऊब कोपर बुडवून बघतात. बाळंतपण लांबले, तेवढ्यात पाणी निवले. रक्त किती गेले हे त्या लाल पाण्यात कुणालाच सांगता येईना.

२. सकाळी साडेआठला मुलगा झाला. डॉक्टरांनी त्याला पाण्याखालीच ठेवले. नाळेतून श्वास मिळतो, घाई नको, म्हणाले. बाळाने मूठ उघडली, मिटली. मी पाहिली. आया मालुबाई म्हणाल्या, “साहेब, नाळ उडायची थांबलीया.” डॉक्टर म्हणाले, “थांबा हो, फोटो राहिलाय.”

३. माझे रोज सूर्योदयापासून पूजा होईपर्यंत मौन असते. सात वर्षांत मोडले नव्हते, त्या दिवशीही मोडले नाही. मी हाताने खूण केली. विहीणबाई हसल्या, “गप बसा हं, तुमचं मौन आहे न्हवं?” भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटे गेली होती. वर काढल्यावर बाळ रडले नाही.

४. नोंदणी कचेरीतील कारकून म्हणतात, हवेत श्वास घेतला नाही म्हणजे जन्म नाही, आणि जन्म नाही तर मृत्यूही नाही. यामुळे त्या हौदात आजवर एकही बाळ दगावलेले नाही, असे डॉक्टर सांगतात आणि कागद त्यांच्या बाजूने आहे.

५. कल्याणीला पुन्हा दिवस भरत आले आहेत. तारीख याच महिन्याची १९ आहे. विहीणबाई म्हणतात, “तुमची पाळी झाली, आता आमची,” आणि त्यांनी तोच हौद ठरवला आहे. गेल्या वेळी ती ग्लानीत होती; मूल पोटातच गेले होते, असे तिला नंतर सांगण्यात आले आणि मीही मान हलवली होती. गेल्या सोमवारी तिला खरे सांगितले. ती रडली नाही. माझा हात धरून म्हणाली, “आई, तो जिवंत असता तर तू बोलली असतीस. मला ठाऊक आहे तू कशी आहेस ते.” ती आनंदाने तिथे जाणार आहे.

माझ्या सांगण्यावर तिचा आता विश्वास बसणार नाही. आपल्या शिक्क्यावर बसेल. तरी नोंदीत ‘जिवंत जन्म’ असे लिहावे, आणि पाहूनही न बोललेली साक्षीदार म्हणून माझे नाव घालावे, ही विनंती.

आपल्या तपासणीची वाट पाहणारी, नम्र,
प्रमोदिनी श्रीपाद नेसरीकर
निपाणी, दि. ४ ऑक्टोबर १९८६

सोबत : (१) भीमसेन मास्तरांकडून करून घेतलेली कन्नड प्रत. (२) नोंदीची नक्कल. मालुबाईंचा अंगठा मिळाला नाही. त्या अजून तिथेच कामाला आहेत.