वाळू चाळणारी जोडी आणि भरताचा डबा

पिंप्राळा, जळगाव
शनिवार, सकाळ

ती. रुपचंदनाना यांना कौतिकचा वाकून नमस्कार.

तुमची तब्येत ठणठणीत असणार असं धरून चालतो, कारण माझा फोन कट करण्याइतकी ताकद बोटात आहे हे रोज कळतंच आहे. वहिनींच्या गुडघ्याला आराम असेल. तुमची बहीण तुमच्याकडे सुखरूप असेलच. तिच्याबद्दल मी या पत्रात काहीही विचारणार नाही. रागाने माहेरी गेली आहे, राग उतरला की येईल. पंधरवडा होत आला म्हणतात (म्हणजे शेजारच्या कुंदाबाई म्हणतात, मी मोजत बसलेलो नाही). पत्राचा विषय मासे हा आहे.

नाना, तुम्ही वांगी घेताना दोनदा काटा तपासणारे गृहस्थ. अशा माणसाने आपल्या टाकीतली सगळ्यात देखणी जोडी मला फुकट द्यावी, तीही सणवार नसताना, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. (उभा जन्म एसटीत तिकीट तपासनीस म्हणून काढला आहे. ज्या प्रवाशाने आपणहून तिकीट पुढे केलं, त्याचं मी हमखास उलटसुलट करून बघितलं.) दक्षिण अमेरिकेकडचा मासा आहे, तळाला बारीक वाळू घाला, एवढं बोलून तुम्ही धुळ्याची बस पकडलीत. मी गिरणेवरून पिशवीभर वाळू आणली. वाटेत तलाठ्याने हटकू नये म्हणून वर कोथिंबिरीची जुडी ठेवली होती. वाळू धुतली, चाळली, टाकीत पसरली. आणि या जोडीने काय करावं, तर मी घातलेलं खाणं सोडून दिवसभर वाळू तोंडात घ्यायची, चघळायची आणि कल्ल्यांतून सोडून द्यायची. पुन्हा घ्यायची, पुन्हा सोडायची. मला वाटलं, हे काहीतरी शोधताहेत. म्हणून मीही एकदा सगळी वाळू परातीत काढून तपासली. काही नव्हतं.

तेवढ्यात कुंदाबाई आल्या. काचेला नाक लावून त्यांनी निदान केलं, "हिले ते माटीना डोहाये लागनात वं बाई!" झालं. तुमच्या बहिणीला एवढं निमित्त पुरलं. गल्लीतल्या बायका जमवून तिने त्या माशाचं चक्क डोहाळेजेवण केलं. टाकीला हिरव्या बांगड्या, समोर पाट, रांगोळी. मी दाराशी उभा राहून कोण आलं, कोण गेलं यावर नजर ठेवली, तर तेही तिला खटकलं. आणि बायकांचं खरं निघालं हो नाना. दोनच दिवसांत टाकीतल्या चपट्या दगडावर अंडी दिसली, राजगिऱ्याच्या दाण्यांसारखी. त्या संध्याकाळी तुम्ही मुक्कामाला आलात. मी तुम्हाला अंडी दाखवली आणि तुम्ही नुसते हसलात. ते हसणं माझ्या लक्षात आहे.

तुमच्या मुक्कामातच एका सकाळी दगड स्वच्छ. एक अंडं नाही. आता मला सांगा, घरात माणसं तीन. मी घेतली नव्हती. तुमची बहीण लता ओट्यापाशी होती. आणि तुम्ही त्या दिवशी पहाटेपासून जाण्याची घाई करत होता, हातात स्टीलचा डबा घेऊन. त्यात वांग्याचं भरीत आहे असं मला सांगण्यात आलं. तुमच्या जागी दुसरा कोणी असता तरी मी डबा उघडायला लावलाच असता, त्यात नातं आणायचं कारण नव्हतं. आणि नाना, भरताच्या वांग्याला बी किती कमी असतं हे तुम्हीही जाणता. मग त्या भरतात एवढे बारीक पिवळट दाणे आले कुठून, असा प्रश्न कोणालाही पडला असता. मी तुमच्यासाठी दारात आलेल्या रिक्षाच्या सीटवर डबा ठेवून चमच्याने दाणे वेचले, पाण्याने धुतले आणि खात्री करण्यासाठी त्या चपट्या दगडावर नेऊन ठेवले. नराने एक दाणा तोंडात घेतला आणि थुंकला. बी निघालं. तिखट होतं, त्यामुळे पाणीही बदलावं लागलं. बाहेर आलो तर गल्ली गोळा झालेली आणि लता आहे त्या साडीत रिक्षात बसलेली. म्हणाली, "तुम्हले ते देववर बी भरोसा नही. मन्हा भाऊना डबा उघाडा? मी धुयाले जास." आणि तुमच्याबरोबर धुळ्याला गेली. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत.

पुढची हकिकत तुम्हाला माहीत नसेल (किंवा आधीपासून माहीत असेल, मी कोणतीच शक्यता सोडत नाही). मादीने खाणं सोडलं. गाल फुगले. मला वाटलं गालगुंड. मोबाइलवर फोटो काढून गुरांच्या डॉक्टरांना दाखवला, तर ते म्हणाले, म्हैस असली तर आणा. मी म्हटलं, उपास तर लताही रागात धरते, पण गाल फुगवून इतके दिवस तीही बसलेली नाही. मग परवा सकाळी मादीने तोंड उघडलं आणि आतून जिरं सांडावं तशी पिल्लं बाहेर आली. जिवंत, पोहणारी. अंडी चोरीला गेलीच नव्हती. त्यांतली पिल्लं आईच्या तोंडात होती. या जातीचा तो रिवाजच आहे म्हणे. नाना, तुम्ही ही जात वर्षानुवर्षं पाळता. एवढं एक वाक्य रिक्षात बसण्यापूर्वी बोलला असतात तर? की मुद्दाम बोलला नाहीत?

असो. मोठ्यांना दोष देण्याची आपल्याकडे पद्धत नाही. वहिनींना नमस्कार सांगावा.

तुमच्या घरचा जावई,
कौतिक

ता. क. लताला बोलावण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही, तसा गैरसमज नसावा. माझं उत्तम चाललं आहे. ज्वारीत उडीद दळून कळण्याच्या भाकरी थापायला शिकलो. कुंदाबाई त्यांना दुसरं काहीतरी म्हणतात, पण खाता येतात.

आणखी एक ता. क. वर एक गोष्ट लिहायची टाळली. कुंदाबाई माझ्याशी धड बोलत नाहीत, पण पिल्लं बघायला येतात. त्या समोर असल्या की पिल्लं टाकीभर हुंदडतात. मी दारात आलो की मादी तोंड उघडते आणि सगळी आत. चष्मा काढून बघितला, शर्ट बदलला, हात मागे बांधून भिंतीच्या कडेने आलो. तिने मला एकदा नीट निरखलं आणि तेच केलं. मी त्यांचं काही वाकडं केलेलं नाही नाना, मला फक्त बघायची असतात. हल्ली ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दाराआड बसतो. तिथून अर्धी टाकी दिसते. फार वाईट वाटतं.

शेवटचा ता. क. हे पत्र तुम्ही लताला वाचायला द्याल असा मला दाट संशय आहे. द्या. तिला पाठवा. टाकीपुढे ती उभी राहील, मी तिच्या मागे राहीन. इतके दिवस काय केलं, कोणापाशी काय बोलली, यातलं काही विचारणार नाही. कोणत्या गाडीने येते तेही विचारत नाही. धुळ्याहून येणाऱ्या सगळ्या गाड्यांना मी हल्ली स्टँडवर असतोच.