अकरावा नियम

सोमवार, २ सप्टेंबर

घ्या! आता ड्रोनचे नियमही मीच करायचे.

शनिवारी कुलगुरूंच्या बंगल्यासमोर हिरवळीवर पाहुण्यांची बैठक चालली होती. कुणा विद्यार्थ्याचा ड्रोन थेट टेबलावर येऊन उतरला. पाण्याचा जग आडवा, पाहुणे मांडीपर्यंत ओले! आज सकाळी उपकुलसचिव साहेबांचं बोलावणं. "बाई, विद्यापीठाच्या आवारात ड्रोन उडवण्याबाबत नियमावली हवी. तीन आठवड्यांत. मसुदा तुम्ही करा." मी म्हटलं, साहेब, मला साधा पतंग उडवता येत नाही. "म्हणूनच तुम्ही," म्हणाले.

सामान्य प्रशासन विभागात सव्वीस वर्षं झाली. सायकल स्टँडचे नियम माझे, लिफ्टचे माझे, कॅन्टीनमधली टेबलं जोडून बसू नये हा नियमसुद्धा माझाच (तो कुणी पाळत नाही). जमीन संपली, आता आकाश.

कुरकुर केली, पण मनातून बरं वाटलं. कारण दादा! विद्यापीठाचा स्वतःचा असा एकच ड्रोन, भूगोल विभागात, आणि तो चालवतो माझा सख्खा मोठा भाऊ. आवारातली झाडं, गटारं, गळकी छपरं — सगळ्यांचे नकाशे त्याने वरून काढलेत. साहेब म्हणाले, "त्यांना विचारून घ्या, पण लिहा तुमच्या मनाने."

बुधवार, ४ सप्टेंबर

दुपारी दादाच्या प्रयोगशाळेत. तो सांगत होता, मी लिहीत होते. लहानपणी शुद्धलेखन घालायचा तसाच, येरझाऱ्या घालत. "गर्दीवरून नाही. परीक्षेच्या इमारतीवरून नाही. सूर्य मावळल्यावर नाही. माणसांपासून तीस मीटर. आदल्या दिवशी सुरक्षा कार्यालयाला कळवायचं." मग थांबला. "आणि हे ठळक लिही, चिमे — उडवणाऱ्याने नुसतं हातातल्या स्क्रीनकडे बघायचं नाही. वर बघायचं. यंत्र डोळ्यांना दिसलं पाहिजे."

मी बावन्न वर्षांची आहे. अजून चिमी!

त्याने चहा ओतला तो निम्मा बशीत गेला. "तुझं लक्ष कुठे असतं रे?" म्हटलं. "तुझ्या अक्षराकडे," म्हणाला. "अजून तसंच गिचमिड आहे का?" समोर तर होती वही.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

साहेबांना व्याख्या हवी. मी लिहिली, "ज्यात माणूस नाही व जे हवेत उडते असे कोणतेही यंत्र." आस्थापना विभागातली मैत्रीण वाचून म्हणाली, "मग काल माझ्या कुकरची शिट्टी उडाली, तिलाही परवानगी काढावी लागणार का गं?" हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. व्याख्या खोडली. ड्रोन म्हणजे ड्रोन, असं लिहिलं तर काय बिघडतं?

मंगळवार, १० सप्टेंबर

सूचना पेटी उघडली. अठ्ठावीस चिठ्ठ्या. एकाला ड्रोनने कॅन्टीनमधून वडे — खोडते, कोण काय मागतं ते कशाला लिहायचं — खाणं वर्गात मागवायचंय. एकाचं म्हणणं, शिक्षकांच्या हजेरीसाठी वापरा. ही मात्र मला आवडली!

आणि एक मुलींच्या वसतिगृहातली. सही नाही. "खिडकीसमोर घिरट्या घालतात. आम्ही कायम पडदे ओढून अभ्यास करायचा का?" वाचून डोकंच तापलं. साहेब म्हणाले, "निनावी आहे. आपली पद्धत तुम्हाला माहीत आहे." माहीत कशी नसेल? निनावी कागदाची दखल घ्यायची नाही. वर "दप्तरी दाखल" लिहायचं, सही ठोकायची, फायलीत लावायचं. कागद हरवत नाही आणि त्याचं काही होतही नाही. किती कागदांना मी असं हसतमुखाने पुरलंय!

पण आज भांडले. म्हटलं, साहेब, सही करायला त्या मुली घाबरतात हाच तर मुद्दा आहे. अर्धा तास लागला. झाला नियम चौथा — वसतिगृहांपासून शंभर मीटरच्या आत ड्रोन नाही. संध्याकाळी दादाकडे जाऊन फुशारक्या मारल्या. तो मन लावून ऐकत होता. "म्हणजे सही नसली तरी चालतं?" मी म्हटलं, मी आहे ना तिथे! वहिनी म्हणाली, "आज हिला जमिनीवर कोण आणणार?"

सोमवार, १६ सप्टेंबर

आज जे झालं ते लिहू का नको असं होतंय.

पेटीत शेवटची चिठ्ठी. टाइप केलेली, सही नाही. जशीच्या तशी उतरवते — "ड्रोन चालवणाऱ्याची दर सहा महिन्यांनी डोळ्यांची तपासणी व्हावी. जो नापास होईल त्याने यंत्र खाली ठेवावे, मग तो कितीही जुना असो."

कितीही जुना! या आवारात जुना कोण आहे दुसरा? नाव तेवढं लिहायचं ठेवलंय. निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना कुणीतरी दादाच्या मुळावर उठलंय. आणि कोण ते मला कळतंय — भूगोलातली नवी मॅडम. हुशार, गोड बोलणारी, ड्रोनचं प्रशिक्षण परदेशात घेऊन आलेली. दादा उडवायला निघाला की ही मागे हजर! मला वाटायचं शिकायला जाते. शिकायला कसली, टपून बसली आहे.

सकाळी अकरा वाजता मी त्या कागदावर लिहिलं, "निनावी. दप्तरी दाखल." सही केली. समितीपुढे जाणाऱ्या गोषवाऱ्यात ती सूचना घेतली नाही. साहेबांनी विचारलंही नाही. विचारलं असतं तरी पद्धत माझ्या बाजूने होती.

इथे तरी खरं लिहावं. बशीतला चहा मी पाहिला आहे. गेल्या महिन्यात त्याने मला मोबाइल दिला, "वाच जरा, चष्मा विसरलो." चष्मा डोळ्यांवर होता. मी हसले आणि वाचून दाखवलं. नंबर वाढला असेल, असं स्वतःला सांगितलं. आजही तेच सांगते आहे. बाबा गेले तेव्हा दादा एकोणीस वर्षांचा होता. स्वतःचं शिक्षण सोडून नोकरीला लागला, मला पदवीधर केलं. आज मी त्याच्या हातातलं यंत्र काढून घेणारा नियम लिहू? नाही लिहिणार.

गुरुवार, १९ सप्टेंबर

नियमावली मंजूर. दहा नियम. एकमताने! साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मला ते गोड लागलं नाही.

रविवार, २२ सप्टेंबर

दादाकडे जेवायला. भाजी वाढता वाढता वहिनी कौतुकाने म्हणाली, "आता तुमच्या नियमांनी आमचे हे उडणार म्हणायचे." दादा हसला नाही.

"सूचना सगळ्या घेतल्या का गं?"

"सगळ्या."

"सगळ्या?"

"अरे हो बाबा, ज्या घेण्यासारख्या होत्या त्या!"

मग तो खाली मान घालून जेवला. मला वाटलं, त्याच्याही कानावर त्या बाईचं काहीतरी आलं असणार. पाठीवर हात ठेवून म्हटलं, मी असताना तुला कुणी हात लावू शकत नाही. तो नुसतंच हूं म्हणाला.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

लिहवत नाही. तरी लिहिते.

ग्रंथालयाचं छप्पर गळतं म्हणून वरून फोटो काढायचे होते. दादाने रीतसर कालच सुरक्षा कार्यालयाला कळवलं होतं. साडेदहाला फोटो झाले, ड्रोन खाली आणायला लागला. गुलाबाच्या वाफ्यात बागकामाच्या बाई वाकून छाटणी करत होत्या. मळकट हिरवी साडी, वरून हिरवी — खोडते, साडीचा काय दोष? त्या त्याच्यापासून वीस पावलांवर होत्या. ड्रोन सरळ त्यांच्यावर उतरला. पातं हातावर बसलं.

किंकाळी आमच्या खिडकीपर्यंत आली. मी जिने उतरून धावले. कुणीतरी बाईंच्या हाताला ओढणी गुंडाळत होतं. दादा मधोमध उभा, हातात रिमोट, आणि सारखा विचारत होता, "कोण होतं तिथे? कोण होतं?" मी त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले. हातभर अंतर. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण?"

मी म्हटलं, "दादा, मी."

शनिवार, २८ सप्टेंबर

बागकामाच्या बाईंना घरी जाऊन भेटले. मनगटाच्या वर चार टाके. बोटं हलतात, देवाची कृपा. रागवतील, निदान तोंड फिरवतील असं वाटलं होतं. उलट मलाच बसायला खुर्ची दिली. "तुमच्या भावाला सांगा, जिवाला लावून घेऊ नका म्हणावं. कालपासून तीनदा फोन केला त्यांनी. रडत होते हो." मग म्हणाल्या, "उजवाच हात निघाला मेला. कात्री महिनाभर दुसऱ्या कुणाच्या तरी हातात. माझ्या गुलाबांची काय वाट लावतात देव जाणे!"

मला तिथे खरं सांगता आलं नाही. आले तशी परत आले.

सोमवार, ३० सप्टेंबर

चौकशी लागली. साहेबांनी सांगितलं, उद्या बारा वाजेपर्यंत नियमावलीची पूर्ण फाइल समितीपुढे हवी, आलेल्या सगळ्या सूचनांसकट.

जेवणाच्या सुट्टीत भूगोलातली मॅडम माझ्या टेबलाशी आली. मी मान वर केली नाही. ती खुर्ची ओढून बसली आणि रडायलाच लागली. "चूक माझी आहे. सहा महिने मी काकांच्या शेजारी उभी राहते. काका, जरा डावीकडे. काका, खाली माणूस आहे, थांबा. सरळ बघितलं की त्यांना मधला भाग दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणालेत, वाढत जाणार. शुक्रवारी माझा तास होता. मी म्हटलं होतं, काका, मी येईपर्यंत थांबा. ते म्हणाले, दहा मिनिटांचं काम आहे."

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी शपथ घातली होती. आणि मला वाटलं, मी आहे ना."

मी आहे ना! माझंच वाक्य. जिला मी पंधरा दिवस मनातल्या मनात शिव्या घातल्या ती पोरगी त्याचे डोळे होऊन उन्हात उभी राहत होती. पाणी आणून दिलं तिला. दुसरं काय करणार?

म्हणजे चिठ्ठी तिची नव्हती. कुणाची का असेना, लिहिणाऱ्याला दिसत होतं, मला बघायचं नव्हतं. तो नियम झाला असता तर बाईंचा हात धड असता. आणि आता उद्या ती फाइल उघडणार. सव्वीस वर्षांत एक कागद इकडचा तिकडे केला नाही. आज पाच वाजता तो कागद फायलीतून काढला आणि पर्समध्ये घातला. लाज वाटते. भीती त्याहून जास्त वाटते. माझी, आणि दादाचीही — सगळं माहीत असताना उडवलं असं ठरलं तर त्याला घरी बसवतील.

मंगळवार, १ ऑक्टोबर

सकाळी ऑफिसच्या आधी दादाकडे गेले. कागद त्याच्यापुढे ठेवला. म्हटलं, तुझ्याविरुद्ध कुणीतरी हे लिहिलं होतं आणि मी दाबलं. माझ्यामुळे झालं सगळं.

त्याने कागद हातात घेतलाही नाही. "कुणीतरी नाही, चिमे. मीच टाइप केलं. मोठी अक्षरं करून. स्वतःहून यंत्र खाली ठेवायला जीव धजत नव्हता. म्हटलं, नियम झाला की ठेवीन. तू त्या मुलींची निनावी घेतलीस ना, म्हणून मीही पेटीत टाकली."

मग त्याने पेन मागितलं. मी बोटाने जागा दाखवली. त्याने सही केली, खाली आजची तारीख घातली. सही माझ्या शेऱ्यावरच गेली.

पावणेबाराला फाइल साहेबांच्या टेबलावर ठेवली, कागद लावून.